कानाने शिकलेलं न्हाण

साल दोन हजार अठरा. माझं वय तेव्हा सहासष्ट. त्या वर्षी वैशाखात मी एका फणसाच्या झाडाखाली उभा राहून, गळ्यात मोगऱ्याचा हार, हातात वेताची काठी, असा एका परक्या घराच्या मागच्या बाजूला तोंड करून ओरडत होतो, "आता मांडीवर पालथं घाल." रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. त्यांत एक माझा व्याही होता. तो आजपर्यंत मला विचारतो, शाणूबाब, तो दिवस काय प्रकार होता? मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे त्याला अंक विकत घ्यावा लागेल.

वाचनालयाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, माझी शाळा तिसरीपर्यंत, आणि तिसरीत मास्तर सारखे आजारी असायचे. ते म्हणाले, आम्ही सुधारून घेऊ. मी म्हटलं, शुद्धलेखन तुमचं, म्हणणं माझं. म्हणणं सुधारलंत तर कागद परत नेईन.

मी डिचोलीच्या बाजारातला पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे एक माणूस बसवून भाड्याने नेणारा. गाडी काळी, पुढचा मडगार्ड पिवळा. पिवळा मडगार्ड दिसला की हात करायचा, मागे बसायचं, उतरल्यावर पैसे द्यायचे. बस जाते तिथे कोणीही जातो. बस जिथे थांबते तिथून पुढे, डोंगराच्या कुशीत, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या वाटेने, जिथे चारचाकी अडकते, तिथे पायलट. मी मागे बसवून काय काय नेलंय म्हणाल तर नवरा नेलाय मुंडावळ्यांसकट, शिंगंवाला बोकड नेलाय, आणि एकदा एक म्हातारी नेली जी सगळ्या वाटेने मला माझ्याच गाडीचा ब्रेक कुठे आहे ते सांगत होती.

बायकांना नेण्याची एक रीत आहे. बाई आडवी बसणार, मागच्या दांडीला धरणार, आणि तिची पिशवी तिच्या नि माझ्या मध्ये राहणार. ती पिशवी म्हणजे आमची भिंत. पण माझं सगळ्यांत जुनं कायमचं गिऱ्हाईक, द्वारकावयनी, मध्ये पिशवी ठेवायची नाही. ती पाट ठेवायची.

द्वारकावयनी म्हणजे आमच्या भागातली वैजीण. पूर्वी वैजीण बाळंतपण करायची. आता बाळंतपणं इस्पितळात होतात, म्हणून तिच्याकडे राहिलं ते नंतरचं काम. रोज सकाळी घरोघरी जाऊन बाळाला नि बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. त्यासाठी बसायला तिला तिचा स्वतःचाच पाट लागायचा. दुसऱ्याच्या पाटावर बसून परक्याचं पोर पायांवर घेणार नाही, असा हट्ट. तो फणसाचा पाट उभा धरून ती माझ्यामागे बसायची. खड्डा आला की पाटाची कड माझ्या पाठीत. डॉक्टरने एकदा विचारलं, पाठीवर ही आडवी खूण कसली? मी सांगितलं, गावातल्या अर्ध्या पोरांची आहे.

वयनी आत गेली की मी बाहेर. बाळंतिणीच्या घरात बाप्या माणसाची जागा सोप्यावर. एक कदेल, म्हणजे खुर्ची, कपभर चहा, आणि न्हाणीघराकडून येणारे आवाज. वर्षानुवर्षं मी ते आवाज ऐकले. आधी तांब्या बाल्दीवर आपटायचा, ठण्ण. मग पाणी. मग पोराचा आकांत. मग थप थप थप. मग वयनीचं गाणं, जे गाणं कमी नि दटावणी जास्त. मग एकदम शांत. शांत झालं की मी चहा संपवून गाडीला किक मारायचो आणि बरोबर त्याच वेळी वयनी पदराला हात पुसत बाहेर. घरातले थक्क व्हायचे. मी म्हणायचो, मला डोळ्यांनी बघायची गरज नाही. मला हे शास्त्र कानाने पाठ आहे. हे वाक्य मी फार ठिकाणी बोलून बसलो होतो.

आता पहिलटकरणींविषयी. दुसऱ्या, तिसऱ्या वेळची बाई असते तिला सगळं ठाऊक असतं, ती वयनीशी गप्पा मारते, बाजारात मासळीचा भाव काय ते विचारते. पहिलटकरीण वेगळी. तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो, माझ्या हातून ह्याला काही झालं तर? आणि ह्या प्रश्नावर घरातली माणसं दोन तऱ्हेने वागतात. एक तर फार येतात, नाही तर येतच नाहीत.

फार येतात त्याचा नमुना कोरगावला पाहिला. पेडण्यातलं कोरगाव वयनीचं माहेर. तिच्या भाचीची मुलगी चित्रा पहिल्यांदाच बाळंत झाली होती, शाळेत शिकवणारी, हुशार पोरगी. म्हणून आठवड्यातून एकदोनदा आम्ही कोलवाळचा पूल ओलांडून जायचो. काजूचे दिवस, सगळ्या गावाला बोंडांचा आंबूस वास. घरात चित्राची आई, सासू, दोन मावश्या आणि सासूची सासू. ही शेवटची ठार बहिरी, म्हणून तिचा सल्ला सगळ्यांत लांबलचक, कारण कोणी उलटून बोललेलं तिला ऐकू यायचं नाही. एक म्हणे पेज द्या, दुसरी म्हणे पेज बाधते. एक म्हणे जनेल, म्हणजे खिडकी, उघडा, दुसरी उठून बंद करी. पोर ह्या हातातून त्या हातात फिरायचं, देवळातल्या आरतीच्या ताटासारखं.

मी सोप्यावर होतो. चित्रा हळूच बाहेर आली आणि माझ्या उभ्या गाडीवर जाऊन बसली. मी विचारलं, खंय वचपाचें? कुठे जायचं? ती म्हणाली, "खंयच ना मामा. वायच बसूं दे. इतके दीस जाले, माझा बाळ माझ्याकडे फक्त दूध पिवक येता."

मला काय सुचलं कोण जाणे. मी हॉर्न दाबून धरला आणि ओरडलो, पोरसात गुरं घुसली. पोरसू म्हणजे परड्यातली भाजी, बायकांचा जीव. आई, सासू, मावश्या काठ्या घेऊन मागच्या दाराने धावल्या. म्हातारीला काही ऐकू आलं नाही, पण सगळ्या धावल्या म्हणून तीही निघाली. चित्रा आत गेली, पाळण्यातलं पोर उचललं आणि खोलीला आतून कडी लावली. वयनी आतच होती. तिने कडी काढली नाही. बराच वेळ आतून चित्राचा बोलण्याचा आवाज येत होता, शाळेत पोरांशी बोलतात तसा. गुरं कुठेच नव्हती हे कळल्यावर मला ठरलेलं जेवण मिळालं नाही. मणगणं होतं त्या दिवशी, चण्याच्या डाळीची खीर, वासावरून कळलं होतं.

आता जिथे कोणीच येत नाही तिथली गोष्ट.

दोन हजार अठरात खाणी बंद पडल्या होत्या. रस्त्यावरची लाल धूळ बसली, आणि ट्रक चालवणारे कितीतरी जण पायलट झाले. माणसं चांगली, पण चालवायची सवय ट्रकाची. मागे माणूस बसलाय की खनिज भरलंय, हा फरक त्यांना कळायला वेळ लागला. वयनी एकदा त्यांतल्या एकाच्या मागे बसली. एक चप्पल गेली, तेलाची बाटली गेली. पाट तेवढा तिने सोडला नाही. त्या दिवसापासून तिने शपथ घेतली, बसेन तर शाणूच्या मागे, नाही तर चालत.

त्याच दिवसांत स्टँडवर संभाजी नावाचा मुलगा आला. गडहिंग्लजकडचा, इथल्या कारखान्यात पाळीवर जाणारा. म्हणाला, मामा, बायको बाळंत झालीया, घरात बाईमाणूस कोणी न्हाई, न्हाऊ घालणारी मिळंल का? घर म्हणजे चढावरची भाड्याच्या खोल्यांची रांग. एका खोलीत हे नवरा-बायको, बाकीच्यांत चार-चार बिनलग्नाचे पोरगे, कोण दिवसपाळी, कोण रातपाळी. बायकोचं नाव सविता. तिची आई ती लहान असताना वारली होती. सासू नव्हती.

वयनीने तिचं सगळं केलं. पण सविता न्हाणाच्या वेळी पोराला हात लावायची नाही. भिंतीला टेकून बघत राहायची. म्हणायची, ओलं झालं की माशागत निसटतंय वो. पोर तिच्या हातात रडायचं आणि वयनीच्या हातात गप्प व्हायचं. त्यावरून तिने ठरवूनच टाकलं की पोराला ती आवडत नाही. वयनीने सांगितलं, दवाखान्यातल्या सिस्टरनेही सांगितलं, अगं पहिल्याला सगळ्यांचं असंच होतं. ह्या सिस्टरचं नि वयनीचं एरवी पटायचं नाही. नाका-कानात तेल घालायचं नाही, धुरी द्यायची नाही, असं सिस्टरने दटावलं तेव्हा वयनी महिनाभर रुसली, आणि मग गुपचूप बंद केलं. पण ह्या बाबतीत दोघींचं एक होतं. सविता ऐकून घ्यायची आणि पुन्हा भिंतीला टेकायची.

त्यात गावाहून फोन. संभाजीची थोरली भावजय, तिला हे दोघे आक्का म्हणत. फोन मोठ्या आवाजावर असायचा, म्हणून दाराबाहेरच्या मलाही ऐकू यायचं. आक्का म्हणाली, "तुला न्हाई जमायचं गं. मी येते आणि दोघांस्नी घिऊन जाते. लेकरू चालायला लागलं की ये म्हागारी." बाई वाईट नव्हती. मायेनेच बोलत होती. पण सविताला माहीत होतं, एकदा गेलं की वर्ष गेलं. नवरा इथे एकटा, लेकरू आक्काच्याच सवयीचं होणार, आणि त्या दोघांनी चार भांडी जमवून मांडलेला संसार पुन्हा पिशवीत जाणार. संभाजी म्हणाला, आक्का येऊन बघू देत. तुला जमतंय असं दिसलं तर ती न्यायची न्हाई. न्हाई जमलं तर मी तरी काय करू, माझी पाळी असते.

आणि नेमकं तेव्हाच माझं व्रत आलं.

मी धोंड आहे. शिरगावच्या देवीचा. जत्रेच्या आधीचे दिवस धोंड घर सोडून पाण्याकाठी मांडवात राहतो, सोवळ्याने स्वतः रांधून खातो, आणि जत्रेच्या पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालतो. ही वेताची काठी माझ्या वडिलांची. आमच्या मांडवाचा नियम कडक. व्रतात बाळंतिणीच्या घराला शिवायचं नाही, त्या घरातून आलेल्या माणसालाही नाही. सुयेर, म्हणजे जन्माचं सोयर, लागतं. म्हणजे वयनीला गाडीवर घ्यायचा प्रश्नच नाही. दर वर्षी त्या दिवसांत माझी गाडी गोणपाटाखाली असायची आणि वयनी जवळच्या घरांना चालत जायची. पण सविताची खोली चढावर, आणि वयनीचे गुडघे गेलेले.

व्रताच्या दुसऱ्या दिवशी वयनी मांडवापाशी आली. रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली, कारण तिला सुयेर. मी अलीकडे, कारण मला सोवळं. मधून गाड्या जात होत्या.

"तुझां व्रत तुझ्याकडे ठेव," ती पलीकडून म्हणाली. "त्या चेडवाक आता कोण न्हाणयतला?" त्या पोरीला आता कोण न्हाऊ घालणार?

मी म्हटलं, दुसऱ्या पायलटाबरोबर जा. ती म्हणाली, त्यापेक्षा मी घसरत जाईन. मग तिने सांगितलं की संभाजी निरोप घेऊन आला होता. सविताने पिशवी भरून ठेवलीय. आक्का येणार आणि ती जाणार. पोराला दोन दिवस नुसतं ओल्या फडक्याने पुसलंय.

मधून एक बस गेली. बस गेल्यावर ती म्हणाली, "तू सगळीकडे सांगत फिरतस, कानान पाठ आसा म्हणान. मगे जा आणि सांग."

मांडवात ह्यावर मोठा वाद झाला. बाळंतिणीच्या घराला शिवायचं नाही, हे खरं. पण लांब उभं राहून बोललं तर? एक धोंड म्हणाला, शब्द तिकडे जातो, म्हणजे आपला एक भाग तिकडे गेलाच. दुसरा म्हणाला, मग तुझी सासरची लेक गेल्या आठवड्यात बाळंत झालीय, तिच्याशी तू काल मोबाइलवर बोललास, त्याचं काय? तिसरा म्हणाला, बोललेलं चालेल, पण तिचं उत्तर ऐकू आलं तर? शेवटी आमच्यातला सगळ्यांत जुना, जो सकाळपासून नारळ सोलत होता, त्याने कोयता खाली ठेवला आणि निवाडा दिला. "कानाक सुयेर लागना. जा."

म्हणून मी गेलो. चालत, कारण व्रतात गाडी नाही. खोल्यांच्या मागे पत्र्याच्या आडोशाचं न्हाणीघर, आणि कुंपणाबाहेर तो फणस. फणसाखाली उभा राहून मी हाक मारली. सविताने आडोशावरून डोकं वर काढलं. मला धोंडाच्या वेषात तिने कधी पाहिलं नव्हतं. ती दोन्ही हात जोडून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, नमस्कार मागाहून, आधी पाणी तापव, पोर आण, मी सांगतो तसं कर.

"मामा, मला न्हाई जमायचं."

"जमणार कसं नाही? मी आहे ना."

आणि मी सुरू केलं. म्हटलं, पहिल्यांदा तांब्या बाल्दीवर आपट. चांगला आवाज येऊ दे. आतून ठण्ण झालं. पोर दचकून रडलं.

"कशापायी आपटायचा मामा?"

"वयनी आपटते."

मग ती म्हणाली, "त्या मुद्दाम न्हाई आपटत. पाणी घेताना बाल्दीच्या कडीला लागतो, आणि आमची तर कडीच निसटलीया."

मी म्हटलं, बरं, ते सोड. पाणी घाल. आता त्याच्या पाठीवर तीन थापा मार, थप थप थप, जोरात.

"लेकराला मारायचं?"

"मार, भिऊ नको. मी किती वर्षं ऐकतोय."

"न्हाई मामा." ह्या वेळी आवाज जरा वर आला होता. "त्या लेकराला न्हाई मारत. ओल्या हातानं सोताच्या मांडीवर मारत्यात. लेकरू तिकडं कान देतंय आणि रडायचं थांबतंय."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, मला शिकवू नकोस, पाठीवरच मारतात, आवाज पाठीचाच असतो.

"तुम्ही ऐकलंय," सविता म्हणाली. "मी बगितलंय."

मी काठी दुसऱ्या हातात घेतली. पण मागे हटलो नाही. म्हटलं, ठीक आहे, मग आता डोक्यावर पाणी. ती म्हणाली, आदी मान. मान धरल्याबगर डोक्यावर कसं घालायचं? मी म्हटलं, तेच सांगणार होतो. ती म्हणाली, आता पालथं. मी लगेच ओरडलो, "आता मांडीवर पालथं घाल," म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना कळावं शिकवतंय कोण. व्याही नेमका तेव्हाच तिथून गेला.

पोर मात्र थांबेना. तेव्हा मी वयनीचं गाणं म्हटलं. माझा आवाज सायलेन्सर फुटलेल्या गाडीचा. पहिल्या ओळीला फणसावरचे कावळे उडाले. दुसऱ्या ओळीला खोल्यांची दारं उघडली आणि रातपाळीहून येऊन झोपलेले पोरगे टॉवेल गुंडाळून, कोणी तोंडात ब्रश धरून, बाहेर आले. त्यांतला एक बेळगावकडचा मला म्हणाला, "अज्जा, इथं लेकरू हाय होय? आम्हाला वाटलं मांजर हाय."

आणि आडोशामागे सविता हसायला लागली. मी त्या दाराशी किती सकाळी घालवल्या होत्या, पण तिचं हसू कधी ऐकलं नव्हतं. थांबेना तिचं. हसता हसताच मध्ये थप थप थप ऐकू आलं. मग पाण्याची धार, बारीक, न तुटता. आणि मग ती शांतता, जिच्यावर मी एरवी गाडीला किक मारायचो.

पोर गप्प झालं होतं. माझं म्हणणं, माझ्या गाण्याने झालं. बाकी सगळ्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण लिहितोय मी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. मी काही सांगायच्या आधीच आतून तिने सांगायला सुरुवात केली. आता तेल लावते मामा. आता पाणी बघते कोपराने. आता मान. मी फक्त हं, हं म्हणत होतो, आणि मधूनच काहीतरी चुकीचं सांगत होतो, कारण नुसतं उभं राहायला माझा स्वभाव नाही. प्रत्येक वेळी ती म्हणायची, तसं न्हाई वो. प्रत्येक वेळी आवाज थोडा मोठा. बेळगावकडच्या त्या पोराने रातपाळीहून येताना पाणी तापवून ठेवायचं काम अंगावर घेतलं. दुसऱ्याने बाल्दीच्या कडीला तार बांधली. मांडवात संध्याकाळी धोंड मला विचारायचे, आज काय शिकवलंस? मी म्हणायचो, पुष्कळ.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी फणसाखाली पोचलो तेव्हा चढावरून एक बाई येताना दिसली. नऊवारी कासोटा, डोक्यावर वाकळेचं गाठोडं, हातात लाडवांचा डबा. मी ओळखलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हार, काठी, उघडं अंग.

"कोन वो तुम्ही? लेकराला काय बाधा झालीया का?"

मी म्हटलं, बाधा नाही, आत न्हाण चाललंय.

"मग तुम्ही हितं काय करताय?"

"मी शिकवतोय."

आक्काने गाठोडं खाली ठेवलं. "तुम्हाला लेकरं किती?"

"चार."

"न्हाऊ किती घातली?"

मी गळ्यातला हार सारखा केला. ती उत्तराची वाट न बघता गाठोडं उचलून आडोशामागे गेली.

आता मला दिसत काहीच नव्हतं. नेहमीप्रमाणे कान. आक्काच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिने हात पुढे केले असणार. पोर रडत होतं. पाण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, झालं. आता ही पोर देणार आणि भिंतीला जाऊन टेकणार. मी काठी घट्ट धरली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

"आक्का, हात नगा लावू," सविताचा आवाज आला. "मान माझ्या हातात हाय. पाणी कढत हाय, तेवढं निववून द्या."

फणसावरून एक पान पडलं ते मला ऐकू आलं. मग बांगड्या पुन्हा वाजल्या, खाली वाकल्यासारख्या, आणि कढत पाण्यात गार पाणी ओतल्याचा आवाज आला. तो आवाज वेगळा असतो, जाड. तेवढा मला नक्की ओळखता येतो, कोणी काही म्हणो.

न्हाण झाल्यावर आक्का बाहेर येऊन पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मला बोलावून लाडू दिला नाही, कारण मी सोवळ्यात, हे तिला कोणीतरी आतून सांगितलं होतं. लांबूनच म्हणाली, "माझ्या थोरल्याच्या टायमाला सासूनं मला महिनाभर हात लावू दिला न्हाई. मी समजले, पोरींना येतच नसतंय." आणि मग आत बघत, जरा रागानेच, "हिला कोनी शिकीवलं?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, मी. आतून सविता काही बोलली नाही. हा तिचा मोठेपणा.

आक्का दोन दिवस राहिली. भाकऱ्या केल्या, वाकळ पोराखाली घातली, आणि भरलेली पिशवी तिने स्वतःच्या हाताने रिकामी करून खुंटीला लावली. जत्रेच्या पहाटे मी होमकुंडातून चाललो. दरवर्षी चालतो, पण त्या वर्षी निखाऱ्यांवर असताना मला हसू येत होतं. मागून येणाऱ्या धोंडाला वाटलं देवीचं वारं आलंय. बाहेर पडताच त्याने माझ्याच पाया पडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवरचं गोणपाट काढलं, पिवळा मडगार्ड पुसला, आणि वयनीला घ्यायला गेलो. ती पाट घेऊन दारात तयारच होती. चढाच्या वळणावर आल्यावर मी गाडी वर घातली नाही. वयनीने पाटाची कड माझ्या पाठीत मारली. म्हणाली, वळ रे. मी म्हटलं, त्या घरात आता तुझं काम नाही. आणि बोलता बोलताच लक्षात आलं, माझंही भाडं गेलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक शहाणं झालं की असंच होतं.

तिचा विश्वास बसेना. मग मी गाडी बंद केली. दोघेही कान देऊन बसलो, मी पुढे, ती मागे, मध्ये पाट. वरून आधी काही ऐकू आलं नाही. मग पोराचा आकांत. मग थप थप थप.

मी म्हटलं, "स्वतःच्या मांडीवर मारते ती. पाठीवर नव्हे."

वयनी मान वाकडी करून ऐकत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती न्हाणाच्या बाहेरच्या बाजूला होती. पोर थांबलं. पाण्याची धार बराच वेळ चालू राहिली.

"पाणी चड घेता," वयनी म्हणाली. जास्त घेते. आणि पाट सरळ केला.

मी किक मारली. खालच्या वाड्यात एक नवी पहिलटकरीण आदल्याच दिवशी घरी आली होती.